वाटाड्याने लिहिलेले पुस्तक

१८७८ साली लंडनमध्ये आर्क्टिक प्रदेशातील मोहिमांसंबंधी दोन पुस्तके निघाली. पहिले जॉर्ज नेअर्स यांचे. १८७५-७६ मध्ये ब्रिटिश नौदलाची दोन जहाजे घेऊन ते उत्तर ध्रुवाच्या दिशेने गेले होते, त्या सफरीचा हा दोन खंडांतील वृत्तांत. दुसरे पुस्तक जेमतेम शंभर पानांचे. त्याचा लेखक त्याच मोहिमेत नोकरीला होता. कुत्र्यांची स्लेजगाडी हाकणे, सीलची शिकार करणे आणि वाट काढून देणे हे त्याचे काम. नाव हान्स हेंड्रिक. हा ग्रीनलंडचा, म्हणजे तेव्हाच्या भाषेत 'एस्किमो'. त्याच्या स्वतःच्या लोकांत त्याला सुएर्साक म्हणत.

नेअर्स यांचा ग्रंथ मोहिमांच्या इतिहासात मानाने जाऊन बसला. हान्सचे पुस्तक अभ्यासकांच्या तळटिपांत राहिले. दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीने ते संगणकावरून उतरवून, छापून मला आणून दिले, तेव्हा मी ते पहिल्यांदा वाचले. तोपर्यंत आर्क्टिकवरील पुस्तके वाचण्याचा माझा नाद तीस-पस्तीस वर्षांचा जुना होता, आणि त्यातल्या निम्म्या पुस्तकांत हा माणूस मला भेटलेला होता. भेटलेला होता म्हणजे कोठल्या तरी पानावर, कोणाच्या तरी पाठीमागे उभा असलेला. त्याच्या मनात काय चालले असेल, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मराठीचा शिक्षक आणि हौशी टीकाकार म्हणून ही गोष्ट मला लागली. बेळगावातल्या एका निवृत्त मास्तराने ग्रीनलंडच्या शिकाऱ्याविषयी लिहावे याचे नवल वाटेल. त्याचे कारण लेखाच्या शेवटी सांगणार आहे.

२

वाटाड्या बरोबर घेऊन दुर्गम प्रदेशात केलेल्या सफरीचे पुस्तक, हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हणायला हवा. त्याचे काही अलिखित संकेत आहेत. पाहतो तो नायक. वाटाडा फक्त दाखवतो. नायकाला थंडी वाजते, भीती वाटते, घर आठवते. वाटाड्याला यातले काही होत नाही, कारण तो 'तिथलाच' असतो. अन्न संपले किंवा वाट चुकली की वाटाड्या पानावर येतो आणि संकट टळले की निघून जातो. वाचकाला यात काही खटकत नाही, कारण वाचक नायकाच्या गाडीत बसलेला असतो.

एलिशा केंट केन या अमेरिकन डॉक्टरचा १८५६ सालचा दोन खंडांचा ग्रंथ या प्रकाराचा नमुना आहे, आणि उत्तम नमुना आहे. केन प्रकृतीने नाजूक, पण लेखणीने समर्थ. जॉन फ्रँकलिनच्या हरवलेल्या जहाजांचा शोध घेण्यासाठी तो १८५३ मध्ये निघाला आणि दोन हिवाळे बर्फात अडकून पडला. त्याचे पुस्तक अमेरिकेत घरोघर गेले. ग्रीनलंडच्या दक्षिण भागात फिस्केनेसेट नावाच्या वस्तीवर त्याने हान्सला शिकारी म्हणून घेतले, तेव्हा हान्स जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. केन सांगतो की या पोराने उडता पक्षी भाल्याने टिपून दाखवला. पगाराखेरीज त्याने एक अट घातली : आईसाठी ब्रेडची दोन पिंपे आणि थोडे डुकराचे मांस ठेवून जावे. केनने ती मान्य केली. प्रसंग छान रंगवला आहे आणि त्यात हान्सविषयी कौतुकही आहे. पण ते एखादी चांगली वस्तू स्वस्तात मिळाल्याचे कौतुक आहे.

हाच प्रसंग हान्सच्या पुस्तकात आहे. तिथे पक्षी महत्त्वाचा नाही. तिथे आई आहे, ती जाऊ नको म्हणते, आणि मुलगा तिची समजूत घालतो की सुखरूप राहिलो तर परत येईन आणि तुझ्यासाठी पैसे मिळवीन. एवढेच. वर्णन नाही, विशेषण नाही. नोकरीसाठी गाव सोडताना आमच्या भागातल्या किती घरांच्या उंबऱ्यावर हेच बोलणे झाले असेल!

पुढचा प्रसंग माझ्या मते या सबंध वाङ्मयातला एक महत्त्वाचा प्रसंग आहे. केनचे जहाज अठ्ठ्याहत्तर अक्षांशांच्या पुढे जाऊन गोठले. हिवाळा आला. सूर्य मावळला तो मावळलाच. हान्स लिहितो की असला अंधार त्याने जन्मात पाहिला नव्हता. भर दुपारी काळोख पाहून तो घाबरला आणि रडू लागला. आता पुन्हा दिवस उगवणारच नाही, अशी त्याची खात्री झाली होती.

वाचताना मी इथे थांबलो. हान्सचे गाव साधारण त्रेसष्ट अक्षांशांवर. तिथे डिसेंबरातही काही तास सूर्य दिसतो. म्हणजे चार महिन्यांची ध्रुवीय रात्र ही त्याला केनइतकीच नवी होती. केनच्या लेखी तो एस्किमो, म्हणून बर्फाचा आणि अंधाराचा जाणकार. प्रत्यक्षात आपल्या गावापासून शेकडो कोस दूर आलेला तो एक परका पोर होता. जहाजावर त्याची भाषा बोलणारे जवळजवळ कोणी नव्हते. 'तिथलाच माणूस' हा शब्द वापरताना 'तिथला' म्हणजे नेमका कुठला, हे आपण विचारत नाही. खानापूरच्या माणसाला कोणी 'दक्षिणेकडचा' म्हणून मदुराईची वाट विचारावी, तशातला हा प्रकार.

३

१८५४ च्या जूनमध्ये हान्स आणि विल्यम मॉर्टन हे दोघे स्लेजने उत्तरेकडे गेले. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर एका उंच कड्यापाशी मॉर्टनला समोर मोकळे पाणी दिसले. त्यावरून केनने आपल्या ग्रंथात मोठा इमला उभा केला : ध्रुवाभोवती बर्फ नसून खुला समुद्र आहे! केनच्याच मोहिमेतला आयझॅक हेज हा डॉक्टर पुढे १८६०-६१ मध्ये स्वतःची मोहीम घेऊन गेला आणि १८६७ च्या आपल्या ग्रंथाला त्याने नावच 'खुला ध्रुवीय समुद्र' असे दिले. असा समुद्र नाही. १८७६ मध्ये नेअर्सचे लोक त्र्याऐंशी अंश वीस मिनिटांपर्यंत गोठलेल्या समुद्रावरून ढेकळ्या बर्फातून गाड्या ओढत गेले, आणि १८९३ ते १८९६ या काळात नान्सेनचे जहाज बर्फात रुतूनच वाहत गेले, तेव्हा उरलासुरला भ्रमही संपला.

हान्सच्या पुस्तकात सिद्धांत नाही. कुत्री किती, अस्वल कुठे मारले, बर्फ कुठे पातळ होता, याचा हिशेब आहे. त्याला विज्ञान कळत नव्हते म्हणून सिद्धांत नाही, असे एखादा म्हणेल. मला तसे वाटत नाही. पातळ बर्फावर पाय ठेवायचा की नाही हे ज्याला रोज ठरवावे लागते, त्याला दिसल्यापेक्षा जास्त बोलणे परवडत नाही. केनचे गद्य सुंदर आहे, पण ते पाहिलेल्यावर थांबत नाही. हान्सचे रुक्ष गद्य थांबते. वाङ्मयीन गुण म्हणून आपण पहिल्याला किती मार्क देतो आणि दुसऱ्याला किती, याचा विचार करण्यासारखा आहे.

केनवर अन्याय नको. हान्सच्या शिकारीवर सगळ्यांचे प्राण अवलंबून आहेत, हे तो स्वतःच लिहितो. रक्तपिती झालेल्या माणसांना ताज्या मांसानेच वाचवले, हेही तो लपवत नाही. पण १८५५ मध्ये बुटांसाठी वॉलरसचे कातडे आणायला म्हणून गेलेला हान्स परत आला नाही, एका शिकाऱ्याच्या मुलीबरोबर त्याने संसार थाटला, तेव्हा केनने या साऱ्याची थट्टा करून विषय संपवला. त्या मुलीचे नाव मेर्कुत. केनसाठी ते एका नोकराचे प्रेमप्रकरण. हान्ससाठी तो अनोळखी उत्तरेत मिळालेला पहिला आसरा.

हेजच्या मोहिमेत हान्स पुन्हा गेला, या वेळी बायको आणि तान्ह्या मुलासह. त्या हिवाळ्यात, १८६० च्या डिसेंबरात, ऑगस्ट सॉनटॅग हा खगोलशास्त्रज्ञ हान्सबरोबर स्लेजने निघाला, बर्फाच्या भेगेतून पाण्यात पडला आणि गारठून मेला. हान्स एकटा परतला. हेजने त्याची उलटतपासणी घेतली. हेजच्या ग्रंथात हान्स बहुतेक वेळा संशयानेच पाहिला जातो. एस्किमो स्वभावाचे सारे वाईट त्याच्यात एकवटले आहे, असा एकूण सूर आहे. हान्सने आपल्या पुस्तकात तो प्रसंग क्रमाने सांगितला आहे : बर्फ कसा फुटला, त्याला कसे ओढून काढले, कपडे कसे गोठले, जवळच्या झोपडीपर्यंत कसे नेले, तो कसा गेला. हेजने काय लिहिले याला तो उत्तर देत बसत नाही. संशय घेतला गेलेल्या माणसाने इतक्या शांतपणे लिहावे, हे मला आजही अवघड वाटते.

४

तिसरी मोहीम चार्ल्स फ्रान्सिस हॉलची, 'पोलॅरिस' जहाजाची. १८७१ च्या नोव्हेंबरात हॉल अचानक आजारी पडून वारला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याचे प्रेत उकरून तपासले तेव्हा त्यात आर्सेनिक सापडले. तो एक वेगळाच विषय. आपल्याला हवा तो प्रसंग पुढच्या वर्षीचा.

१५ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री वादळात जहाज आणि बर्फाचा तुकडा यांची फारकत झाली आणि एकोणीस माणसे बर्फावर राहिली. त्यांत दहा खलाशी-अधिकारी होते आणि नऊ इनुइट : जो इबिअरबिंग, त्याची बायको टुकुलिटो, त्यांची मानलेली मुलगी, हान्स, मेर्कुत आणि त्यांची चार मुले. सगळ्यांत धाकटे मूल दोन महिन्यांचे, जहाजावरच जन्मलेले. ही एकोणीस माणसे साडेसहा महिने, सुमारे १८०० मैल, त्या विरघळत जाणाऱ्या बर्फावर वाहत दक्षिणेकडे आली. ३० एप्रिल १८७३ रोजी लॅब्रॅडॉरच्या जवळ एका सीलशिकारी जहाजाने त्यांना उचलले. एकही माणूस मेला नाही. तान्हे मूलदेखील जगले. हे घडले ते जो आणि हान्स या दोघांनी अंधारात, भेगांच्या कडेला तासन् तास बसून मारलेल्या सीलमुळे, आणि त्या दोन बायकांच्या हातांमुळे.

जॉर्ज टायसन या अधिकाऱ्याच्या नावाने १८७४ मध्ये जे पुस्तक निघाले, त्यात खलाशांच्या नजरा पाहून इनुइट कुटुंबांना वाटणाऱ्या भीतीचा उल्लेख आहे. अन्न अगदीच संपले तर आधी आपल्यालाच मारून खातील, अशी ती भीती. ज्यांनी पोसायचे त्यांनीच घाबरायचे, हे त्या बर्फावरचे गणित होते. वाचणाऱ्यांना 'वाचवले' म्हणून जगभर वार्ता झाली ती मात्र बोटींची आणि अधिकाऱ्यांची.

५

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहितो आहे, तो चौथ्या मोहिमेतला. १८७५ चा हिवाळा, नेअर्सच्या मोहिमेतले 'डिस्कव्हरी' जहाज. हान्स आता एक्केचाळीस वर्षांचा. तीन मोहिमा पार पाडलेला, बर्फावरून एकोणीस माणसे जिवंत आणणाऱ्यांपैकी एक. जहाजावर त्याला वाटू लागते की खलाशी आपल्याविषयी काही वाईट बोलतात. त्यांच्या बोलण्यात त्याला आपले नाव ऐकू येते. हान्सला शिक्षा द्यायची, तर चाबूक कोणी मारायचा, अशा अर्थाचे काही त्याच्या कानावर पडते. एका रात्री तो जहाज सोडून अंधारात निघून जातो आणि बर्फात एकटा पडून राहतो. त्याचा शोध घेतला जातो. कप्तान त्याला समजावतो, धीर देतो. तो परत येतो.

नेअर्सच्या ग्रंथात हान्सची तोंडभर स्तुती आहे. स्लेज घेऊन थकव्याची पर्वा न करता तो राबला, रक्तपितीने मरायला टेकलेल्या तुकडीच्या सुटकेला त्याची गाडी आणि त्याची शिकार कामी आली, असे तिथे मोकळेपणाने नोंदले आहे. दोन्ही पुस्तके एकाच वर्षीची, मोहीम एकच. एकात प्रशंसा, दुसऱ्यात चाबकाची भीती. यातले खोटे कोणते? माझ्या मते कोणतेच नाही. नेअर्सने स्तुती मनापासून केली असेल. खलाशी कदाचित नुसती टवाळी करत असतील. हान्सने ऐकले त्यातले काही चुकीचेही ऐकले असेल, कारण इंग्रजी त्याला येत होते, पण अर्धेमुर्धे.

हे 'अर्धेमुर्धे' मला सोडत नाही. आपल्या भागातल्या वाचकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी. खिडकीच्या आत दोन माणसे तिसऱ्याच वेगाने बोलत असतात, त्यात आपले आडनाव ऐकू येते, मग हसणे ऐकू येते. ते आपल्यालाच हसले का? की दुसऱ्याच गोष्टीला? विचारण्याइतकी भाषा आपल्याजवळ नसते, दुर्लक्ष करण्याइतकी अनभिज्ञताही नसते. ज्याला भाषा मुळीच येत नाही तो निर्धास्त असतो, ज्याला पूर्ण येते तो भांडतो. मधला माणूस अंधारात बर्फावर जाऊन झोपतो. मराठी-कानडी असा भेद इथे करू नये. माझ्या वर्गात घरी कानडी बोलणारी मुले होती. मराठीत मी काही विनोद केला की ती इतरांपेक्षा क्षणभर उशिरा हसत, आणि त्या क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, ते आठवले की आज मला हान्स दिसतो.

मोहिमेचा नायक हा प्रसंग लिहू शकत नाही. त्याच्या वाट्याला तो येतच नाही. म्हणून वाटाड्याचे पुस्तक हवे.

६

हान्सचे पुस्तक निर्दोष आहे असा माझा दावा नाही. ते आपल्यापर्यंत आले तेच दुसऱ्याच्या हातून. हान्सने ते ग्रीनलंडच्या भाषेत लिहिले. इंग्रजी केले डॉ. हेन्री रिंक या डॅनिश अधिकारी-अभ्यासकाने. रिंक हा साधा माणूस नव्हे. १८६१ साली ग्रीनलंडच्या भाषेतले 'अतुआगागद्लिउतित' हे नियतकालिक त्यानेच सुरू केले. काही हजार माणसांच्या भाषेत छापखाना घालणारा हा गृहस्थ नसता, तर हान्सचे लिहिणे बहुधा गडप झाले असते. पण त्याच इंग्रजी पुस्तकाचे शीर्षकपान पाहा. 'आर्क्टिक प्रवासी हान्स हेंड्रिक याच्या आठवणी' एवढ्यावर ते थांबत नाही. 'केन, हेज, हॉल आणि नेअर्स यांच्या हाताखाली काम केलेला' असे पुढे जोडले आहे. चार धन्यांची नावे सांगितल्याशिवाय वाटाड्याला लेखक होता आले नाही.

दुसरी उणीव खुद्द हान्सची. मेर्कुत त्याच्याबरोबर हेजच्या जहाजावर होती, 'पोलॅरिस'वर होती, बर्फावर होती. कातडी शिवून, दिवा तेवत ठेवून तिने माणसे जगवली. हान्सच्या पुस्तकात ती आहे, पण तिचा आवाज नाही. टुकुलिटो तर हॉलची दुभाषी, १८५३ च्या सुमारास इंग्लंडला जाऊन आलेली, चांगले इंग्रजी बोलणारी. तिने पुस्तक लिहिले नाही. वाटाड्याच्या गाडीतही कोणीतरी मागे बसलेले असते, हे हान्सच्या पुस्तकामुळेच लक्षात येते, आणि हान्सलाही ते लागू करणे भाग आहे.

७

मराठी वाचकाच्या मनातले आर्क्टिक मात्र या कोणत्याच पुस्तकातून आलेले नाही. ते लोकमान्यांकडून आले. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा टिळकांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ चा. ऋग्वेदातल्या उषांच्या वर्णनांवरून, लांब रात्रीच्या भयावरून, आर्यांचे मूळ वसतिस्थान ध्रुवाजवळ असावे, असे त्यांनी प्रतिपादले. तो सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत. पण ग्रंथाचा प्रताप असा की, उत्तर ध्रुव म्हटले की आमच्या पिढीला आपल्या पूर्वजांचे सोडून दिलेले रिकामे घर आठवे. त्या घरात कोणी राहते आहे, हे आमच्या ध्यानीमनी नसे.

टिळकांच्या त्या विवेचनातला सर्वांत हृद्य भाग म्हणजे रात्र संपेल ना, उषा पुन्हा येईल ना, ही प्राचीन ऋषींची व्याकुळता. ती व्याकुळता ध्रुवीय रात्रीचीच आहे की नाही, हा वाद तज्ज्ञांचा. पण तशी व्याकुळता खरोखर ध्रुवीय रात्रीत अनुभवून, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारा एक माणूस १८७८ पासून ग्रंथालयात उभा होता. आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही. आम्हांला सूक्तांतला अंधार हवा होता.

आजच्या सहलींच्या माहितीपत्रकांचे तरी वेगळे काय आहे? २०१६ च्या उन्हाळ्यात 'क्रिस्टल सेरेनिटी' हे सुमारे हजार प्रवाशांचे जहाज अलास्कापासून न्यूयॉर्कपर्यंत वायव्य मार्गाने गेले. ज्या मार्गाच्या शोधात फ्रँकलिन आणि त्याचे १२८ सोबती नाहीसे झाले, तो मार्ग बत्तीस दिवसांची सहल झाला. वाटेत उलुखाकतोकसारख्या जेमतेम चारशे वस्तीच्या गावात प्रवासी उतरले. अशा सहलींच्या जाहिरातींत 'अस्पर्श', 'निर्मनुष्य', 'जगाच्या टोकाचे' ही विशेषणे ठरलेली असतात. ज्या गावी शाळा आहे, दुकान आहे, दफनभूमी आहे, ते जगाचे टोक कोणाच्या जगाचे? सहलींवर माझा राग नाही. सहलींमुळे तिथल्या काही लोकांच्या हाती पैसा येतो, आणि माणसाने लांबचे जग पाहावे असेच माझे मत आहे. राग आहे तो विशेषणांवर. कारण ती विशेषणे मीही वापरली आहेत.

८

आता सुरुवातीला दिलेला शब्द पाळतो.

तरुणपणी आम्ही सहा शिक्षक मित्र भीमगडला गेलो होतो. २०११ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले, त्याच्या खूप आधीची ही गोष्ट. खानापूरच्या पुढे जंगल दाट. बरोबर जवळच्या गवळीवाड्यावरचा एक वाटाड्या घेतला. तीन दिवस त्याने आम्हांला फिरवले, जळवांपासून जपले, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तेव्हा आपल्या घरी नेऊन भाकरी आणि दूध दिले. परत आल्यावर मी प्रवासवर्णन लिहिले. ते याच अंकात छापून आले, वाखाणलेही गेले. त्यात 'तीन दिवस त्या निर्जन अरण्यात' असे एक वाक्य होते. वाटाड्याचा उल्लेख दीड ओळीत होता. नाव नव्हते.

पुढे त्याचा मुलगा आमच्या शाळेत आला. शाळेच्या वाचनालयात जुने दिवाळी अंक होते. एक दिवस तास संपल्यावर तो अंक हातात घेऊन टेबलापाशी उभा राहिला. चेष्टा नव्हती, तक्रारही नव्हती. शब्दाचा अर्थ विचारावा तसे त्याने विचारले, "सर, निर्जन म्हंजे माणसं नसल्याली जागा न्हवं? मग भाकरी कुणाच्यात खाल्लासा?"

मी काहीतरी उत्तर दिले. लेखक थोडे वाढवून लिहितो, अशासारखे. तो 'बरं' म्हणून गेला. त्या उत्तराची लाज वाटायला मला हान्सचे पुस्तक हाती यावे लागले.

ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या सामुद्रधुनीत हान्सच्या नावाचे एक बेट आहे. सव्वा-दीड चौरस किलोमीटरचा उघडा खडक. तिथले लोक त्याला तार्तुपालुक म्हणतात. १९७३ मध्ये डेन्मार्क आणि कॅनडा यांनी समुद्रातली हद्द ठरवली तेव्हा हे बेट वादात राहिले. पुढे दोन्ही देशांची माणसे आळीपाळीने तिथे जाऊन झेंडे रोवत आणि एकमेकांसाठी मद्याच्या बाटल्या ठेवत, म्हणून जगाने या वादाची गंमत केली. १४ जून २०२२ रोजी त्यांनी ते बेट मधून वाटून घेतले. हद्दीच्या वादात आयुष्य गेलेल्या आपल्यासारख्यांना त्या समजूतदारपणाचा हेवा वाटावा. मला मात्र वाटून गेले की, ज्याच्या नावाने ते बेट ओळखले जाते, त्याचे पुस्तक वाटणी करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचले असेल?

ते पुस्तक मी मराठीत आणायला घेतले आहे. इंग्रजीवरूनच, म्हणजे अनुवादाचा अनुवाद. हान्सची भाषा मला येत नाही आणि या वयात येणारही नाही. पण शंभर पाने आहेत, होतील.

दुसरे एक काम त्याआधी करायचे होते. त्या विद्यार्थ्याचा फोन नंबर शोधून मी त्याला फोन केला. तो आता पन्नाशीला आला आहे, त्याचे वडील बऱ्याच वर्षांपूर्वी वारले. मी म्हटले, जुना लेख पुस्तकात घेतो आहे, तुझ्या वडिलांचे नाव त्यात घालायचे आहे, चालेल ना? तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नाव ऱ्हाऊ दे सर. आता कशाला? तेवढा निर्जन शब्द काडा म्हंजे झालं."

काढला आहे.